सात बैलांचा खडक

लग्नकार्यात शेजारी बसलेला माणूस विचारतो, "तुम्ही नोकरीत काय करायचा?" मी सांगतो, "दगडाला कागद चिकटवायचो." तो हसतो आणि जिलेबीकडे वळतो. त्याला वाटतं, मी टाळतोय. पण मी खरंच तेच करायचो. अडतीस वर्षं.

माझं काम ठसे घेण्याचं. जुन्या देवळावर, बारवेत, शेताच्या बांधावर कुठे कोरलेला लेख किंवा आकृती सापडली की ती तिथून उचलून आणता येत नाही, म्हणून तिचा ठसा आणायचा. दगड आधी पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवायचा. तो ओला असतानाच त्यावर भिजवलेला कागद पसरायचा. मग जाड केसांच्या ब्रशने कागद ठोकत राहायचं, म्हणजे तो कोरलेल्या खाचांत जाऊन बसतो. कागद जरा सुकला की कापसाच्या बोळ्याला काळी शाई लावून वरून हलके हलके टिपत जायचं. शाई उंच भागावर लागते, खाचा पांढऱ्या राहतात. कागद सोलून काढला की काळ्यावर पांढरी अक्षरं. विद्वान लोक ती पुण्यामुंबईत बसून वाचतात आणि त्यांची नावं छापून येतात. आमचं नाव कागदाच्या मागे पेन्सिलीने, तेही आम्ही स्वतःच लिहिलं तर.

मला त्याचं दुःख नाही. मला ती जुनी अक्षरं वाचता येत नव्हती, पण दगड वाचता यायचा. कोणता घाव छिन्नीचा, कोणता नांगराच्या फाळाचा आणि कोणता गुराख्याने वेळ जात नाही म्हणून मारलेला, हे मी हात फिरवून सांगायचो. लोह्याकडच्या एका पाटलांनी मला दोन दिवस ठेवून घेतलं होतं. त्यांच्या गोठ्याच्या पायरीवर खजिन्याचा नकाशा आहे अशी त्यांची खात्री. मी ठसा काढला आणि सांगितलं, "पाटील, या म्हशीच्या खुरांच्या घसरणी आहेत." त्यांनी मला दुपारचं जेवण घातलं, पण ताटात तूप वाढलं नाही. उदगीरच्या एका दुकानदाराने तर स्वतःच्या आजोबांच्या नावाच्या पाटीचा ठसा मागितला होता. म्हणाला, "तुमच्या कागदावर आलं की ते जुनं दिसतं." मी काढून दिला. खोटं काय होतं त्यात? आजोबा जुनेच होते.

थोडक्यात, माझा माझ्या डोळ्यावर फार विश्वास होता. त्या विश्वासाने काय केलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. आमचं कार्यालय नांदेडला. नव्या जिल्ह्यात सगळंच नवं हवं होतं, कचेऱ्या, बंगले, आणि त्यांना जोडणारे रस्ते. त्यातच पाऊस लागोपाठ गेला. दुष्काळाने माणसं मोकळी केली आणि नव्या जिल्ह्याने त्यांना खडी फोडायला बसवलं. जिथे काळा खडक तिथे खडी केंद्र. माळावर ओळीने तरटाच्या सावल्या, त्याखाली बायामाणसं, आणि दिवसभर हातोड्यांचा टकटकाट. एसटीतून जाताना तो आवाज गावामागून गाव सोबत यायचा.

निलंग्यापुढे कर्नाटकाच्या अंगाला एक गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक खडू घेऊन जातात, आकृत्या गिरवतात, फोटो काढतात आणि शेजारी आपलं नाव कोरतात. तर त्या गावच्या एका शिक्षकांनी आमच्याकडे पत्र पाठवलं होतं. गावच्या माळावर 'बैलाचा खडक' आहे, त्यावर जुनी चित्रं आहेत असं म्हणतात, आणि तोच खडक आता खडीसाठी नेमला आहे, तरी पाहणी व्हावी. साहेबांची जीप बिघडलेली. साहेब म्हणाले, "तुम्हीच जाऊन बघून या. काही असलं तर आपण पुढे बघू."

नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर, निलंगा अशा तीन गाड्या बदलून फाट्यावर उतरलो आणि पाऊण तास चालत गेलो. ऐन उन्हाळा. माळावर गवताची काडी नव्हती. वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी मला पाहायची गरजही वाटली नाही. जमीन भेगाळलेली, बाभळीसुद्धा करड्या पडलेल्या, आणि मधोमध जमिनीसरपट पसरलेला तो खडक. चार खळी मावतील एवढा, काळा, वरून गुळगुळीत.

मी पोचलो तेव्हा डोक्यावर सूर्य. आमच्या धंद्यात ही सगळ्यात वाईट वेळ. तिरपं ऊन असेल तर खाचेत सावली पडते आणि रेघ दिसते. माथ्यावरचं ऊन सगळं सपाट करून टाकतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण परतीची एसटी चारची होती.

मी गुडघ्यावर बसून वीतवीत खडक तपासला. तळहात फिरवला, भाजला, रुमाल गुंडाळून परत फिरवला. कुठे कुठे खरखरीत लागत होतं, पण खडक काही आरसा नसतो. आकार म्हणावा असं काही नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून एक बाई डोक्यावर घागर घेऊन आली. पन्नाशीची असेल. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. टँकरवरून पाणी घेऊन चालली होती. माझं रांगणं बघून थांबली.

"काय हुडकायलाव सायेब?"

"बैल म्हणतात ना इथे, ते बघतोय मावशी."

"आसं न्हाई दिसत. पानी घाला की. पानी घातलं मंजी दिसतेत."

तिने घागर डोक्यावरून उतरवलीसुद्धा. आणि मी, वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, तिला म्हणालो, "अहो मावशी, दुष्काळात पाणी दगडाला कशाला घालता? देवाला काही लागत नाही. घरी न्या, प्यायला ठेवा."

मला वाटलं, तिला पूजा घालायची आहे. पाणी घातलं की देव दिसतो, अशा गोष्टी गावोगावी ऐकलेल्या. शिवाय तिची घागर वाचवली म्हणून मला आतून फार बरं वाटलं. घागर पुन्हा डोक्यावर घेऊन ती गेली.

मी वहीत अहवाल लिहिला: 'समक्ष पाहणी केली. कोरीव काम आढळून आले नाही.' सही केली. चारची एसटी मिळाली.

दीड महिना गेला. लोह्याजवळच्या एका आटलेल्या बारवेत, वरच्या टप्प्यावर, एक लेख सापडला होता, त्याचा ठसा घ्यायला गेलो. विहीर कोरडी असली तरी माझं पाणी मी शेजारच्या मळ्यातून बादलीने आणलेलं. शिळा धुतली, ब्रश मारला आणि कागद घ्यायला हात मागे केला, तर वाऱ्याने कागदांची अख्खी गुंडाळी उचलून खाली विहिरीत टाकली. शंभर पायऱ्या नव्हत्या, पण माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी तेवढ्या वाटल्या. उतरलो, कागद गोळा केले, धापा टाकत वर आलो आणि शिळेपुढे येऊन थबकलो.

शिळा वाळत आली होती. तिचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी वाळून फिका झाला होता. पण कोरलेल्या खाचा खरखरीत, त्यांनी पाणी धरून ठेवलं होतं. फिक्या दगडावर काळीभोर ओली अक्षरं उभी होती, जशी कुणी आत्ता बोरूने लिहावीत. ज्या कोपऱ्यात लेख संपलाय असं मी समजत होतो, तिथे आणखी एक अख्खी ओळ होती. मी बघत राहिलो, आणि बघता बघता तीही वाळली. पुन्हा काही नाही.

मी तिथेच पायरीवर बसलो. आयुष्यात मी किती दगड भिजवले असतील? हजारांच्या घरात. आणि वाळताना एकही पाहिला नव्हता, कारण भिजवला की लगेच त्याच्यावर कागद घालायचा, हेच तर माझं काम. माझ्या कामानेच मला ते कधी दिसू दिलं नव्हतं. आणि निलंग्याकडची ती बाई घागर उतरवून मला हेच दाखवणार होती.

ठसा तसाच टाकला. नांदेडला परत जायचं सोडून लातूरची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर पोचलो तर दुरूनच हातोडे ऐकू येत होते. खडकाची पूर्वेची कड फोडून झाली होती, तिथे खडीचे ढीग मोजणीसाठी चौकोनी रचून ठेवलेले. उरलेल्या खडकात पहारीने चार भोकं पाडलेली. सुरुंगाची.

खडी केंद्राचे मुकादम खाजाभाई म्हणून होते. उंच, पांढरी दाढी, डोक्याला ओला पंचा. मी कोण ते सांगितलं आणि सुरुंग थांबवा म्हणालो. त्यांनी शांतपणे खिशातून घडी केलेला कागद काढला. माझ्याच अहवालाची नक्कल.

"तुमीच लिवून दिले ना सायेब, कुच बी नै बोलके? ये देखो. सही तुमची. आज दुपारको दारू भरनेका है."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं बोलनेसे कैसा होता? साठ माणूस है कामपे. काम बंद पडा तो हजेरी बंद. इनके चुल्हे तुमी पेटवनार का?"

हातोडे एकेक करून थांबले होते. लोक जवळ येऊन उभे राहिले. त्यांत ती विभूतीवाली बाई होती. तिचं नाव नीलव्वा, हे तेव्हा कळलं. तिच्या हातातही हातोडा होता आणि बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, खडी फोडताना चिपा उडतात म्हणून. एक तरुण गडी पुढे येऊन म्हणाला, "दगडाला जपायलाव, सायेब. आमाला कोन जपावं?"

मी नीलव्वाला म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तुम्ही पाणी घालत होता, मी घालू दिलं नाही. आज मीच मागतो. जरासं पाणी मिळेल का?"

ती म्हणाली, "तव्हा माज्याजवळ भरली घागर व्हती. आज टँकर यायचा न्हाई. उद्या येतोय."

मग तिनेच आपल्या गाडग्यातलं प्यायचं पाणी आणलं, निम्मं. ते बघून दुसरी एक बाई उठली आणि तिने तांब्या आणला. मग तिसरी. खाजाभाईंनी आपली पाण्याची कातडी पिशवी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "लो. रोजा समजो आज मेरा." पुरुष जरा मागेच राहिले. बायका मात्र एकमेकींकडे बघून हसायला लागल्या होत्या. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

ते नीलव्वाने सांगितलं. त्या गावात नवी सून पहिल्यांदा पाण्याला गेली की परत येताना पहिली घागर या खडकावर ओतायची आणि बैल मोजायचे. खडक लगेच वाळतो, म्हणून भराभर मोजायचे. घरी गेली की सासू उंबऱ्यात अडवून विचारणार, "किती?" सुनेने सांगायचं, "सात." मग घरात घ्यायचं. चुकली तर पुन्हा पाणी आणायला परत पाठवायचं, सगळ्या गल्लीने हसायचं. दुष्काळ पडल्यापासून आलेल्या सुनांनी मात्र खडक पाहिलाच नव्हता. पाणी कुणी ओतायचं? त्यांना तसंच घरात घेतलेलं. त्यातल्या तिघी तिथेच खडी फोडत होत्या.

मी पाणी पुरवून पुरवून पसरलं. खडक क्षणभर सगळाच काळा झाला, तापलेल्या दगडाचा वास आला. मग कडेने फिका होत आला. आणि मधून ते उमटले.

पहिला बैल पाठीवरच्या वशिंडासह. लांब, चंद्रासारखी वळलेली शिंगं. मग दुसरा, त्याच्या पाठोपाठ तिसरा. रेघ एकही नव्हती. सगळं टोचून टोचून, हजारो ठिपक्यांनी केलेलं. कधीकाळी हे ठिपके काळ्या खडकावर पांढरे दिसत असतील. मग उन्हापावसाने तेही खडकाएवढेच काळे केले, आणि आता फक्त पाण्यालाच ते सापडत होते. हे कुणी केलं? शेती करणाऱ्यांनी, की गुरं घेऊन हिंडणाऱ्यांनी? एकाने, की बापलेकांनी पिढ्यान्‌पिढ्या? आणि इथेच का? मी मोठमोठ्या माणसांना नंतर विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि प्रत्येकजण खात्रीने बोलला. मी घरी येऊन परसातल्या काळ्या दगडावर गारगोटीने टोचून पाहिलं. एका सकाळीत एक शिंग झालं आणि बायकोने विचारलं, पेन्शनीत हेच करणार का.

पण ते नंतर. तेव्हा माझ्याभोवती बायका एका सुरात मोजत होत्या. त्या तिघी नव्या सुना सगळ्यांत पुढे. "येक. दोन. तीन. च्यार. पाच."

आणि मोजणी तिथेच थांबली.

खडक वाळत गेला. पाचवा बैल ज्या दिशेने चालला होता तिकडे, हातभर अंतरावर, खडक संपला होता. तिथे फोडलेली कड होती आणि तिच्या पलीकडे चौकोनी ढीग.

नीलव्वा माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यो कोपरा आमच्या टोळीला आला व्हता. मीच फोडले."

"तुम्हाला माहीत होतं ना, मावशी, इथे बैल आहेत?"

"हायत मनून म्हाईत. पन कुठं हायत? पान्याबिगर कसं कळावं? कुठं हातोडा घालावा अन् कुठं न्हाई? अन् मुकादमाजवळ तुमचा कागद. त्येच्यात न्हाईत मनून लिवलेलं. मला वाटलं, शिकल्याला मानूस हाय. गेली असतील."

कुणी मला फाडकन मारली असती तर बरं झालं असतं. मी ढिगाकडे गेलो आणि खडी उचलून बघायला लागलो. दोन-तीन बायकाही आल्या. मूठभर दगडांवर ठिपके दिसले. एकावर कदाचित शिंगाचं टोक. अंड्याएवढ्या तुकड्यांत बैल कुठे जुळतो? पहिले ढीग तर आधीच ट्रकने गेले होते. नव्या जिल्ह्याच्या कुठल्या तरी रस्त्यात ते अंथरले गेले. त्या भागात एसटीने जाताना आजही माझं लक्ष खिडकीबाहेर नसतं, खाली असतं.

खाजाभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ते बैल पाहिले होते. ते गावचे नव्हते. उकिडवे बसून कोरड्या खडकाकडे बघत होते. मग उठले आणि म्हणाले, "उधर म्हसोबाके पीछे बी ऐसाच पत्थर है. आजसे उधर बैठाता. जागा बदलनेका कागद लातूरसे आना पडता. आयेगा ना सायेब?"

"येईल."

"नै आया तो ये साठ जनकी हजेरी मेरे गळेमें."

"नाही आला तर तुम्ही आणि मी दोघे खडी फोडू."

ते हसले नाहीत, पण हातोडे उचलायला सांगितलं. माणूस नेमणुकीने लहान होता. एवढी मोठी जबाबदारी त्याने पाच बैल बघून घेतली. मी तिथेच कागद पसरून लिहिलं, 'माझी पूर्वीची पाहणी चुकीची होती,' आणि खाली तीच सही केली. दुसऱ्या दिवशी टँकर आला. नीलव्वाने रांगेत आपला नंबर मला दिला आणि दोन घागरींत मी पाचही बैलांचा ठसा काढला. ओला कागद ठोकताना सुरुंगाचं एक भोक लागलं, तिसऱ्या आणि चौथ्या बैलाच्या बरोबर मधे. ते ठशात आलेलं आहे. विद्वानांपैकी एकाने त्याला सूर्य म्हटलं. मी त्यांना पत्र पाठवून सांगितलं, तो खाजाभाईंच्या पहारीचा आहे.

लातूरला मी त्या ठशाची वळकटी घेऊन नव्या कचेरीच्या बाकावर अकरा दिवस बसलो. कचेरीलाही अजून कळलं नव्हतं की कुठलं टेबल कशाचं. शेवटी एका साहेबांच्या टेबलावरच कागद उलगडला. त्यांनी पेपरवेट उचलून कोपऱ्यावर ठेवला आणि ते उभं राहून बघत राहिले. त्याच दिवशी जागा बदलल्याचा कागद निघाला. हजेरी एक दिवसही बुडाली नाही. मला मात्र खुलासा विचारला गेला, पहिल्या पाहणीत आकृत्या का दिसल्या नाहीत. मी लिहिलं, 'दगड वाळेपर्यंत थांबलो नाही.' आमच्या साहेबांनी विचारलं, हे काय उत्तर आहे? मी म्हणालो, साहेब, याहून खरं माझ्याकडे नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी मी त्या गावी गेलो. चांगला पाऊस होऊन गेलेला, माळ हिरवा. किल्लारीहून आलेल्या जीपने फाट्यावर सोडलं. पिशवीत ठशाची एक प्रत होती, नीलव्वासाठी. इतक्या वर्षांत ती कधी दिली नव्हती. खरं सांगायचं तर धीर झाला नव्हता.

योग असा की तिच्या नातवाचं लग्न नुकतंच झालेलं. मी खडकाजवळ पोचलो तेव्हा नवी सून, गौरी तिचं नाव, बायकांच्या घोळक्यात घागर ओतत होती. आता आमच्या खात्यात कुणी असं पाणी ओतू देत नाही, दगडाला ते बरं नसतं म्हणतात. नियम म्हणून मी तिचा हात धरायला हवा होता. पण त्या खडकाच्या बाबतीत नियम सांगणारा मी कोण? तिने भराभर मोजलं. मीही मोजलं. पाच.

घराच्या उंबऱ्यात सासू उभी. "किती?"

"सात," गौरी म्हणाली, आणि घरात गेली.

मी तिला नंतर हळूच विचारलं, "खरंच सात दिसले?"

"पाच दिसले की. पन सातच सांगायचं आसतंय. सगळ्या सांगतेत."

आत ओसरीवर नीलव्वा भिंतीला टेकून बसली होती. पार थकलेली. डोळ्याला कमी दिसायचं, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. "कागदवाले का? या की." मी तिच्यापुढे शहाबादी फरशीवर ठसा उलगडला. तिने अगदी खाली वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून बघितलं. बोट ठेवत ठेवत पाचपर्यंत गेली, आणि कागदाच्या कडेला थांबली.

"ह्यात बी न्हाईत दोन."

"माझ्यामुळे गेले, आव्वा."

"कागद तुमचा, हातोडा माजा," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. वाटणी करून टाकावी तसं बोलली.

मला कित्येक वर्षं एकच गोष्ट विचारायची होती. मी विचारली. "ते दोघे कसे होते? आठवतं का?"

"आटवंना व्हय? मी सून होऊन आले तव्हा मोजल्यात. माज्या तिन्ही सुनांसंगं मोजल्यात."

तिने शेजारच्या तांब्यात बोट बुडवलं आणि ठशाच्या कडेपुढे, फरशीवर, एक बैल काढला. वशिंड, शिंगं, चार पाय. थांबून बोट पुन्हा बुडवलं आणि दुसरा काढला. हा बाकीच्या सहांसारखा पुढे बघत नव्हता. त्याची मान मागे वळलेली होती.

"ह्यो सगळ्यात म्होरला. मागच्यांकडं बघायचा. येतेत का न्हाई मनून."

हे त्या गावाबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. सगळा कळप एका दिशेने चाललाय आणि पुढचा एक मान वळवून बघतोय. आम्ही सगळ्यांनी त्या खडकावर इतकं लिहिलं, आणि त्याचा अर्थ ज्या एका बैलात होता तोच आमच्याकडे नव्हता.

गौरी पदर सावरत पुढे येऊन उभी होती. तिने कागदावरचे पाच मोजले आणि फरशीवरचे दोन. "आता झाले सात," ती म्हणाली, आणि मोकळं हसली. सकाळी खोटं बोलून घरात आली होती, ते आत्ता खरं झालं.

फरशी कडेने फिकी व्हायला लागली होती. पिशवीत कोरे कागद होते, शाई होती, पेन्सिलही होती. अडतीस वर्षांच्या सवयीने हात पिशवीत गेलासुद्धा. मग मी तो बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. आधी पाय गेले, मग पाठ, मग शिंगं. मागे वळलेली मान सगळ्यात शेवटी वाळली. तोवर मी बघत बसलो.